औषधांना दाद न देणारा टायफॉइड: परवडणारा इलाज कसा शोधायचा

प्रश्न असा आहे: "माझ्या २२ वर्षांच्या भावाला नऊ दिवस ताप आहे. पाच दिवस सेफिक्झिमच्या गोळ्या झाल्या, ताप हटला नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी निघाला. रिपोर्टवर अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमॉक्सॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या सगळ्यांपुढे 'आर' आहे. अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमपुढे 'एस' आहे. डॉक्टर म्हणतात, दाखल करून १४ दिवस मेरोपेनेम द्यावं लागेल. तेवढा खर्च आम्हाला झेपणारा नाही. भाऊ चालतोय-फिरतोय, थोडंफार जेवतोय. यापेक्षा स्वस्त, पण खात्रीचा इलाज आहे का?"

तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चालतोय-फिरतोय, जेवतोय. तुमचा खर्च त्या वाक्यावर ठरणार आहे, रिपोर्टवरच्या पाच 'आर'वर नाही. (कल्चर म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर औषधं तपासणं. 'आर' म्हणजे टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, त्या औषधाला दाद देत नाही, 'एस' म्हणजे देतो.)

तर आधी थेट उत्तर. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, तोंडाने घेतलेलं पोटात टिकतंय, पोट फुगलेलं किंवा ताठ झालेलं नाही, रक्तदाब ठीक आहे आणि रिपोर्टवर अझिथ्रोमायसिन 'एस' आहे, अशा रुग्णाला एकट्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर बरं करता येतं. तेही घरी ठेवून, एक-दोन दिवसांआड तपासणीला बोलावून. मेरोपेनेम हे चुकीचं औषध नाही. पण तुम्ही लिहिलेल्या अवस्थेतल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून लागतंच असं नाही. आजच डॉक्टरांना सरळ विचारा: "गुंतागुंत नसेल तर तोंडाने अझिथ्रोमायसिन देऊन बघता येईल का? आणि कुठलं लक्षण दिसलं की लगेच दाखल करायचं?" भावाचं पोट त्यांनी हाताने तपासलंय, मी नाही. त्यांना काही दिसलं असेल आणि म्हणून ते दाखल करा म्हणत असतील, तर ते कारण नीट ऐकून घ्या. कारण फक्त 'रिपोर्टवर सगळं आर आहे' एवढंच असेल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

तुमच्या भावाच्या रिपोर्टचा नमुना आम्हाला चांगला ओळखीचा आहे. नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत असे रुग्ण एकामागून एक यायला लागले. टायफीचा एच५८ नावाचा वंश आधीच अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तीन जुन्या औषधांविरुद्धची जनुकं अंगात बाळगून होता. त्याने बाहेरून आणखी एक प्लाझ्मिड, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जनुकांचा तुकडा, उचललं. त्या प्लाझ्मिडवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन फोडणारं विकर बनवणारं जनुक होतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला बोथट करणारंही होतं. जुनी तीन आणि ही दोन, अशी पाच औषधं हातातून गेली. याला एक्सडीआर, म्हणजे बहुतेक औषधांना न जुमानणारा, टायफॉइड म्हणतात. तुमच्या भावाला सेफिक्झिम का लागू पडलं नाही, याचंही उत्तर इथेच आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन फोडणारं विकर सेफिक्झिमलाही सोडत नाही. त्या पाच दिवसांत तुमच्या हातून काही चुकलं नाही. कल्चरचा निकाल येण्याआधी ते कळण्याची सोय नव्हती.

सिंधच्या त्या साथीत डॉक्टरांपुढे दोनच औषधं उरली होती, गोळीतलं अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायचं मेरोपेनेम. कराचीत अशा सुमारे ८० रुग्णांची नोंद ठेवून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना एकटं अझिथ्रोमायसिन, काहींना एकटं मेरोपेनेम, काहींना दोन्ही मिळून दिलं होतं. ताप उतरायला तिन्ही गटांना जवळजवळ सारखाच वेळ लागला, सातेक दिवस. रोजच्या खर्चात मात्र सुमारे पंधरापटीचा फरक होता. अभ्यास लहान आहे, आणि कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबायचं नाही. पण माझा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. साध्या, गुंतागुंत नसलेल्या रुग्णात दोन्ही औषधं एकत्र देऊन मला कधी फायदा दिसला नाही, आणि खर्च मात्र दोन्हींचा होतो.

गोळी इंजेक्शनच्या तोडीस तोड कशी, असं वाटणं साहजिक आहे. टायफॉइडचा जंतू रक्तात फार थोडा असतो. त्याचा खरा मुक्काम आपल्या पेशींच्या आत, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यांच्या भक्षक पेशींमध्ये असतो. अझिथ्रोमायसिन नेमकं त्याच पेशींमध्ये साठतं, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. रक्तात त्याची पातळी कमीच राहते, आणि म्हणूनच गंभीर रुग्णात एकट्या गोळीवर भरवसा ठेवायचा नाही. औषधाचा गुण आणि मर्यादा, दोन्हींचं मूळ एकच आहे. हे समजून घेतलं की गोळी कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे पाठ करावं लागत नाही.

आता मात्रेबद्दल, कारण स्वस्त इलाज सगळ्यात जास्त इथे फसतो. अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांची पट्टी सगळ्यांच्या परिचयाची आहे. घशाला, सर्दी-खोकल्याला लोक ती घेतात, तीन दिवसांत संपते. टायफॉइडला तो हिशोब चालत नाही. इथे साधारण किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, दिवसातून एकदा, निदान ७ दिवस द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या भावाएवढ्या माणसाला रोज ५०० च्या दोन गोळ्या एकदम, आठवडाभर. काही डॉक्टर पहिल्या दिवशी १ ग्रॅम देऊन पुढे रोज ५०० मिलिग्रॅम देतात, आणि तीही मान्य पद्धत आहे. एक्सडीआर जंतूला मी पूर्ण मात्राच देतो, आणि ताप उशिरा उतरला तर दिवस वाढवतो. जळजळीवरची पांढरी पातळ औषधं गोळीबरोबरच घेऊ नयेत, दोन तासांचं अंतर ठेवावं. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल किंवा त्यावरची औषधं चालू असतील, तर आधी ईसीजी हवा. तीन गोळ्या घेऊन "अझिथ्रोनेही फरक पडला नाही" म्हणत आलेले रुग्ण मी खूप पाहिले आहेत. त्यांना औषध लागू पडलं नव्हतं असं नाही. पुरेसं दिलंच गेलं नव्हतं.

जुनी माणसं टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायची. तो शब्द अजूनही खरा आहे. योग्य औषध सुरू झाल्यावरसुद्धा हा ताप आपली मुदत घेतोच, साधारण पाच ते सात दिवस. घरच्यांचा धीर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतो, कधी डॉक्टरांचाही सुटतो, आणि औषध बदललं जातं. नवं औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि त्याचं श्रेय त्या महागड्या औषधाला जातं. खरं तर तो पहिल्याच औषधाने उतरणार होता.

एका चौदा वर्षांच्या मुलीचा तक्ता मला आठवतो. तिचाही जंतू असाच, पाच औषधांना न जुमानणारा. अझिथ्रोमायसिन सुरू केलं तेव्हा संध्याकाळी १०४ ताप. दुसऱ्या दिवशी १०४. तिसऱ्या दिवशी १०३.६. चौथ्या दिवशी वडील माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, पैशाचं बघतो मी कसंतरी, पण मोठं इंजेक्शन सुरू करा." मी त्यांना संध्याकाळचे आकडे सोडून सकाळचे आकडे वाचायला सांगितले. १०२.८, मग १०२, मग १०१, मग ९९.८. संध्याकाळी चढत होता तेवढाच, पण सकाळचा पाया खाली सरकत होता. मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून खायला मागितलं होतं. पोट मऊ होतं, नाडी शांत होती. मी म्हटलं, आपण अजून तीन दिवस थांबू, रोज सकाळी मला दाखवा. सातव्या दिवशी संध्याकाळी ताप ९९ च्या आत आला. घरी एक थर्मामीटर आणि एक वही ठेवा, दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी ताप मोजून लिहा. औषध बदलायचं की नाही, हा निर्णय त्या वहीवर घ्यायचा असतो.

थांबायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा होतात. त्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, कधी आधीही, फुटू शकतात किंवा त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. तुमचा भाऊ दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे पुढचे दहा-बारा दिवस लक्ष ठेवण्याचे. पोटात अचानक जोराची कळ येऊन पोट कडक होणं, काळी किंवा रक्ताची शौच, उलट्यांमुळे गोळी न टिकणं, गुंगी, असंबद्ध बडबड, दम लागणं, लघवी कमी होणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, रुग्णालयात जायचं. आणि एक खूण लोक नेहमी उलटी वाचतात. ताप एकदम खाली आला, अंग गार पडलं, घाम सुटला आणि नाडी धावायला लागली, तर ती बरं होण्याची खूण नव्हे. आत रक्तस्राव होतोय किंवा आतडं फुटलंय, असा तिचा अर्थ असू शकतो. अशा वेळी खर्चाचा हिशोब करायचा नाही.

आता रिपोर्टकडे वळू, कारण चुकीचा वाचलेला रिपोर्ट फार महाग पडतो. अनेक रिपोर्टवर अमिकासिन किंवा जेंटामायसिनपुढे 'एस' छापलेलं असतं. ही औषधं जुनी, स्वस्त, आणि रिपोर्ट म्हणतोय चालतील. मग ती का देत नाहीत? कारण काचेच्या थाळीत जंतू उघड्यावर असतो, शरीरात तो पेशीच्या आत असतो, आणि ही औषधं तिथे काम करत नाहीत. थाळीत 'एस', रुग्णात निकामी. सेफुरोक्झिमसारख्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनबाबतही तेच. खरं तर टायफीच्या रिपोर्टवर लॅबने ही नावं छापायलाच नकोत.

दुसरा सापळा सिप्रोफ्लॉक्सासिनचा. त्याच्या कुळातली आणखी दोन औषधं लॅब तपासते. नालिडिक्सिक अ‍ॅसिड किंवा पेफ्लॉक्सासिनपुढे 'आर' आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'एस' असं दिसलं, तर तो 'एस' खरा मानू नका. जंतूने प्रतिरोधाची अर्धी वाट चाललेली असते. अशा रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की ताप रेंगाळतो.

अझिथ्रोमायसिनबाबत मी स्वतः एक गोष्ट नेहमी करतो: लॅबला फोन करून झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, किती मिलिमीटरचा आला ते विचारतो. १५ मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती १३ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे 'एस'. पण या औषधाच्या झोनची कड धूसर येते, एकाला १४ दिसते तिथे दुसऱ्याला १२ दिसू शकते. २० आला असेल तर मी निश्चिंत असतो. १३-१४ असेल तर एमआयसी करून मागतो, म्हणजे जंतू रोखायला किती कमीत कमी औषध लागतं तो आकडा. तो १६ किंवा त्याखाली हवा. सगळा इलाज एकाच गोळीवर उभा करायचा असताना एवढी खातरजमा करायलाच हवी. तुम्हीही डॉक्टरांना हे विचारायला सांगू शकता, त्यात त्यांचा अपमान नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगतो, कारण बहुतेकांचा रिपोर्ट तुमच्या भावासारखा नसेल. दक्षिण आशियात आज मिळणारे बरेच जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला प्रतिरोधी असतात, पण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला आणि पुष्कळदा जुन्या औषधांनाही बळी पडतात. 'रेझिस्टंट टायफॉइड' हा शब्द ऐकून घाबरून महागड्या इंजेक्शनांकडे धावण्याचं तिथे काहीच कारण नाही. अझिथ्रोमायसिनची गोळी चालते. दाखल करावं लागलं तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालतं, ते जेनेरिक रूपात सगळीकडे मिळतं आणि दिवसातून एकदाच द्यावं लागतं. तब्येत जरा सावरली की रोज येऊन इंजेक्शन घेऊन घरी जाता येतं. टायफॉइडच्या बिलात खाटेचं भाडं औषधाच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त असतं, हे लक्षात ठेवा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मात्र १० ते १४ दिवस पूर्ण करावं लागतं. ताप उतरल्याबरोबर थांबवलं तर आजार उलटतो.

आणि को-ट्रायमॉक्सॅझोल विसरू नका. या औषधाची मला विशेष कळकळ आहे. १९४८ मध्ये क्वालालंपूरला थिओडोर वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा करून दाखवला, त्याआधी या आजाराने शंभरातले दहा ते वीस रुग्ण जायचे. १९७२ ला मेक्सिकोत त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची मोठी साथ आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिघांनाही दाद न देणारे जंतू पसरले. आम्ही सगळ्यांनी ही औषधं सोडली आणि सिप्रोफ्लॉक्सासिनवर गेलो. मधल्या वर्षांत अनेक ठिकाणी जंतूंनीही ते जुनं ओझं टाकून दिलं. त्यामुळे आज एखाद्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सासिन 'आर' आणि को-ट्रायमॉक्सॅझोल 'एस' दिसतं आणि तरी कुणी ते लिहून देत नाही, कारण ते 'जुनं' आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी नसेल, जी६पीडीची कमतरता (काही औषधांनी लाल रक्तपेशी फुटण्याचा जन्मजात दोष) नसेल, गरोदरपण नसेल, तर दिवसातून दोन वेळा, साधारण १४ दिवसांचा हा इलाज अगदी स्वस्तात होतो. क्लोरॅम्फेनिकॉलही चालू शकतं, पण दिवसातून चार वेळा, दोन-तीन आठवडे घ्यावं लागतं, आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, आणि क्वचित अस्थिमज्जा कायमची बंद पाडतं. दुसरं काहीही हाताशी नसेल तरच मी त्याकडे वळेन.

औषधांची ही उलथापालथ किती वेगाने होते, याचं एक उदाहरण नेपाळचं आहे. तिथे झालेल्या चाचणीत गॅटिफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिमची तुलना केली, निष्कर्ष २००७ ला प्रसिद्ध झाले. सेफिक्झिमच्या गटात तीनातल्या एकाहून अधिक रुग्णांत इलाज अपयशी ठरला, गॅटिफ्लॉक्सासिनच्या गटात फार थोड्यांत. पुढे त्याच देशात गॅटिफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची तुलना सुरू झाली, आणि ती मध्येच थांबवावी लागली, कारण आता गॅटिफ्लॉक्सासिनच अपयशी ठरत होतं. ते निष्कर्ष २०१६ चे. दहा वर्षांच्या आत विजेतं औषध बाद झालं. म्हणून शेजारच्याला मागच्या वर्षी कुठल्या गोळीने बरं वाटलं, यावर कुणीही जाऊ नये. आणि सेफिक्झिमबद्दल सांगायचं तर जंतू संवेदनशील असतानाही ते टायफॉइडला कमजोर औषध आहे. सेफिक्झिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच कुळातलं ऑफ्लॉक्सासिन एकाच गोळीत असलेल्या जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात, त्यांना माझा ठाम विरोध आहे. एक कमजोर आणि एक निकामी औषध एकत्र करून ताकद वाढत नाही.

समजा भावाची तब्येत बिघडली आणि मेरोपेनेम खरंच लागलं. तरीही खर्च आवाक्यात ठेवायच्या वाटा आहेत. पहिली वाट, सगळे १४ दिवस शिरेतूनच घ्यायचे असं नाही. ताप उतरणीला लागला, तोंडाने जेवण सुरू झालं, पोट शांत आहे, की डॉक्टर अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर आणू शकतात, आणि उरलेला कोर्स घरी होतो. दाखल होतानाच विचारून ठेवा की गोळ्यांवर कधी आणणार. दुसरी वाट, मेरोपेनेम दर आठ तासांनी द्यावं लागतं, म्हणून खाट सुटत नाही. त्याच कुळातलं अर्टापेनेम मोठ्या माणसाला दिवसातून एकदाच देतात. कुपीची किंमत जास्त असली तरी खाटेचं भाडं वाचलं तर एकूण बिल कमी होऊ शकतं. दोन्हींचा हिशोब मांडून बघा. तिसरी, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून मागा. एकाच मेरोपेनेमच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या कुप्यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक असतो. सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात जायची सोय असेल तर लाज बाळगू नका. कल्चर रिपोर्ट हातात घेऊन गेलेल्या रुग्णाचा इलाज तिथे पहिल्या दिवशीच नेमका सुरू होऊ शकतो, आणि मोठ्या रुग्णालयांत खर्चाची सोय लावून देणारे समाजसेवक असतात. त्यांना पहिल्या दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही.

गंभीर रुग्णासाठी आणखी एक अत्यंत स्वस्त औषध आहे, डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड. १९८४ मध्ये जकार्ताच्या एका चाचणीत शुद्ध हरपलेल्या किंवा रक्तदाब कोसळलेल्या टायफॉइडच्या रुग्णांना अँटिबायोटिकबरोबर ते मोठ्या मात्रेत दोन दिवस दिलं गेलं. मृत्यूचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. हे फक्त रुग्णालयात, फक्त तशा रुग्णाला द्यायचं. ताप झटकन उतरावा म्हणून घरी कुणी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका. ताप खरोखर उतरतो, पण आतडं फुटल्याची लक्षणंही झाकली जातात.

घराघरांत पैसा आणखी कुठे गळतो? विडाल चाचणीत. रक्तातली टायफॉइडविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी ही चाचणी १८९६ ची आहे. जुना टायफॉइड, दुसरेच ताप, यांतही ती सकारात्मक येते, आणि खऱ्या टायफॉइडमध्ये कधी नकारात्मक. बरं झाल्यावर 'विडाल अजून पॉझिटिव्ह आहे' म्हणून पुन्हा औषध घेणारे रुग्ण दर महिन्याला भेटतात. त्यांच्या रक्तात जंतू नसतो, फक्त आजाराची आठवण असते. ती चाचणी पुन्हा पुन्हा करू नका. पैसा घालायचा तर रक्ताच्या कल्चरवर घाला. ते अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी करायला हवं. आणि बाटलीत रक्त पुरेसं जायला हवं, मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिलिलिटर, जमल्यास दोन बाटल्या. टायफॉइडमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये पुष्कळदा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. तीन मिलिलिटर घेतलेल्या बाटलीत तो सापडला नाही यात नवल काय? नीट केलेलं कल्चरही साधारण दहातल्या सहा रुग्णांतच जंतू पकडतं, पण पकडलं की तुमच्या भावासारखा रिपोर्ट हातात येतो, आणि गोळीवर बरं होता येईल की नाही ते कळतं. तुमच्या हातातला तो कागद नसता तर आज तुम्ही अंदाजाने तिसरं औषध घेत असता.

अझिथ्रोमायसिनची ही वाट किती वर्षं खुली राहील, याची मला काळजी वाटते. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या संशोधकांनी दाखवलं की जंतूच्या एकाच पंपात एका जागी बदल झाला की हे औषध बाहेर फेकलं जातं. असे जंतू अजून थोडे आहेत. पण सर्दीला, साध्या जुलाबाला ही गोळी घेतली जाते तेवढी त्यांना जागा मिळते. एक्सडीआर जंतूने हाही बदल उचलला, तर तोंडाने द्यायला भरवशाचं काही उरणार नाही, आणि मग तुमच्यासारख्या घराला मी हे उत्तर लिहू शकणार नाही.

घरात लहान मुलं असतील तर लसीचं विचारा. टायफॉइडची नवी संयुग्म लस वयाच्या सहाव्या महिन्यापासून देता येते, एकच टोचणी पुरते. ती जंतूच्या बाहेरच्या आवरणाविरुद्ध काम करते, त्यामुळे जंतू कुठल्या औषधाला दाद देतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. नेपाळ आणि मलावीतल्या मोठ्या चाचण्यांत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने सिंधपासून सुरुवात करून ती नेहमीच्या लसीकरणात आणली, जगात सगळ्यात आधी. भाऊ बरा होईपर्यंत त्याने इतरांसाठी स्वयंपाक करू नये, वाढू नये, शौचानंतर साबणाने हात धुवावेत. घरचं पिण्याचं पाणी उकळा. भाऊ जेवतोय तर त्याला भरपूर आणि सकस जेवू द्या. टायफॉइडमध्ये उपाशी ठेवायची जुनी रीत आतड्याला बरं करत नाही, माणसाला मात्र खंगवते.

ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो परत येऊ शकतो. इलाज नीट झालेल्यांतही काही जणांना हे होतं, आणि पहिल्या खेपेपेक्षा ते बहुधा सौम्य असतं. तेव्हा घाबरून मोठ्या इंजेक्शनाकडे जाऊ नका. आजार उलटतो तेव्हा बहुतेक वेळा जंतू तोच असतो आणि त्याच औषधाला दाद देतो. पुन्हा कल्चर करा, आणि निकाल येईपर्यंत हाच जुना रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा. त्याची एक प्रत आजच काढून तापाच्या वहीत घालून ठेवा.